खोत कुठे गेले?

पुस्तकं, गेम्स आणि त्यांचे सिनेमे-मालिका या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पोतंभर पत्रं आली आणि बहुतेकांची तक्रार एकच, 'मुळात असं नव्हतं.' मी मालिका लिहून पोट भरते, त्यामुळे हे वाक्य माझ्या परिचयाचं आहे. एका कादंबरीवरची मालिका लिहीत होते तेव्हा ते मला लिफ्टमध्ये, लग्नात आणि दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानाही ऐकावं लागलं. काही पत्रं घेते.

ताई, 'तुंबाड' पुन्हा लागला तेव्हा मुलगा मला घेऊन गेला. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' मी दोनदा वाचलेली, त्यामुळे उत्साहाने गेले. पडद्यावर खोत काही येईनात. नुसता धो धो पाऊस आणि साखळदंडातली म्हातारी! कादंबरी कुठे गेली?
*निवृत्त शिक्षिका, चिपळूण*

बाई, कादंबरी होती तिथेच आहे. सिनेमाने तिच्याकडून फक्त गावाचं नाव घेतलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या मनातल्या गोष्टीचं मूळ नारायण धारपांच्या भयकथेत आहे. पुढे त्यात हस्तर नावाचा लोभी देव आला, सोन्याच्या मोहरा आल्या, कणकेच्या बाहुल्या आल्या. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत एका माणसाची हाव वाढत जाते, एवढंच त्याचं कथानक. तुम्हाला कोकणातला वाटलेला तो वाडा देशावरचा आहे, सासवडचा.

पेंडशांचं तुंबाड तुमच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. १९८७ साली दोन खंडांत आलेली ही कादंबरी एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिच्यात हाव आहेच, पण त्याबरोबर औदार्य आहे, उर्मटपणा आहे, खोती जाणं आहे आणि वाचता वाचता माणसं म्हातारी होत जाणं आहे. पावणेदोन तासांत एका माणसाची हाव मावते, घराणं मावत नाही. म्हणून नाव उचलून गोष्ट दुसरी सांगितली याचा मला राग येत नाही. उलट कादंबरीतले चार प्रसंग उचलून 'तुंबाडचे खोत'वर आधारित म्हणून पाटी लावली असती, तर मी तुमच्याबरोबर थेटरातून बाहेर पडले असते.

हा सिनेमा हिंदीत का, असंही पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत. पैसा लागतो, म्हणून. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा त्याने बेताचाच धंदा केला होता. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावले. अशा उशिराच्या पावसावर मराठी निर्माता शेती करू शकत नाही.

कादंबरीची मालिका व्हावी असं मलाही वाटतं. पण रोज रात्री साडेआठची नको. चौथ्या आठवड्यात रेटिंग पडलं की चॅनेलवाल्यांचा फोन येतो, आणि मग खोतांच्या घरात एक कारस्थानी जाऊ दाखल होते. तो फोन मी घेतलेला आहे. दहा-बारा भागांची, पूर्ण लिहून झाल्यावरच चित्रीकरणाला जाणारी मालिका हवी.

मी नववीत आहे. आमचे सर म्हणतात की गेमवरचे सगळे पिक्चर फालतू असतात. मला मारिओचा पिक्चर खूप आवडला. कोण बरोबर?
*एक विद्यार्थी, नाशिक*

दोघंही. सरांच्या डोक्यात १९९३चा मारिओ असणार. व्हिडिओ गेमवर खऱ्या नटांना घेऊन काढलेला तो पहिला मोठा हॉलिवूडपट. त्यात मारिओच्या भावाला, लुइजीला, मिशीच नव्हती. रंगीबेरंगी मशरूमच्या राज्याऐवजी डायनोसॉरपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचं एक कळकट शहर होतं. मारिओ झालेल्या बॉब हॉस्किन्सने पुढे आयुष्यातलं सर्वांत वाईट काम म्हणून त्याचंच नाव घेतलं. त्या सिनेमाला स्वतःच्या गेमची लाज वाटत होती. 'हे पोरांचं आहे, आपण जरा मोठ्यांसारखं करू' असं कुणीतरी ठरवलं होतं.

तू पाहिलास तो २०२३चा. त्याला कसलीच लाज नाही. पाइप आहेत, उड्या आहेत, गाड्यांची शर्यत आहे. त्याने जगभरात १.३ अब्ज डॉलरहून जास्त धंदा केला. गोष्ट म्हणून तो अगदी पातळ आहे, हेही सांगते, म्हणजे सरांचा मान राहील.

सरांना 'सॉनिक' या गेमवरच्या सिनेमाचं उदाहरण दे. २०१९ला त्याचं ट्रेलर आलं आणि त्या निळ्या प्राण्याला चक्क माणसाचे दात होते. लोकांनी इतका आरडाओरडा केला की दिग्दर्शकाने जाहीरपणे ऐकून घेतलं, सॉनिक नव्याने काढला आणि सिनेमा नोव्हेंबरऐवजी पुढच्या फेब्रुवारीत लागला. कादंबरीच्या वाचकांचं असं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. तुम्हा गेमवाल्यांची वट आहे.

मॅडम, 'द लास्ट ऑफ अस' हा गेम मी कॉलेजात असताना पूर्ण केला होता. मालिकेचा तिसरा भाग पाहून हमसून रडलो. नंतर लक्षात आलं की यातलं जवळजवळ काहीच गेममध्ये नाही. मग मला राग यायला हवा ना? मित्र म्हणतात ही गेमशी बेइमानी आहे.
*आयटीत काम करतो, हिंजवडी*

या पत्राला मी सगळ्यांत जास्त जागा देणार आहे, कारण हा गेम मी खेळले आहे. माझा भाचा सुट्टीला आला की प्लेस्टेशन घेऊन येतो. तो दुपारी झोपायचा आणि मी खेळायचे. माझं नेमबाजीचं काम यथातथाच आहे. बुरशी लागलेल्या त्या माणसांनी मला किती वेळा खाल्लं असेल याचा हिशेब नाही.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांत पसरते आणि जग मोडतं. जोएल नावाचा एक कडवट माणूस, ज्याची मुलगी पहिल्याच रात्री मेलेली आहे, एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेतो. तिला ही बुरशी बाधत नाही, म्हणून तिच्यापासून औषध निघेल अशी आशा आहे. गेम २०१३चा. मालिका २०२३च्या जानेवारीत सुरू झाली. गेमचा लेखक नील ड्रकमन हाच मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक, दुसरा क्रेग मेझिन. संगीतकारही तोच, गुस्तावो सांताओलाया. तेव्हा 'बेइमानी' म्हणायचंच असेल तर ती लेखकाने स्वतःशीच केलेली आहे.

आता तिसरा भाग. गेममध्ये बिल नावाचा एकटा, तिरसट माणूस लिंकन गावात तटबंदी करून राहतो. आपल्याला गाडीची बॅटरी हवी असते, त्यासाठी बिलबरोबर आपण शाळेपर्यंत लढत जातो. मग एका घरात त्याचा जोडीदार फ्रँक गळफास घेतलेला सापडतो. फ्रँकची चिठ्ठीही मिळते आणि त्यात बिलबद्दल तिरस्कारच आहे. ती चिठ्ठी बिलच्या हातात द्यायची की नाही, हे खेळणाऱ्यावर सोडलेलं आहे. मी दिली नव्हती. भाच्याने दिली.

मालिकेत बॅटरीसाठीची ही मोहीम नाही, शाळेतली मारामारी नाही. फ्रँक बिलने सापळा म्हणून खणलेल्या खड्ड्यात पडतो, बिल त्याला जेवू घालतो, आणि मग दोघांचा संसार होतो. वर्षं सरतात, स्ट्रॉबेरी लावल्या जातात, आजारपण येतं, शेवटी दोघं एकत्र जातात. जोएल-एली पोहोचतात तेव्हा घरात फक्त पत्र असतं. निक ऑफरमनला बिलच्या भूमिकेसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला.

का बदललं असेल? माझ्या धंद्यातला हिशेब सांगते. गेममध्ये बिल हे एक काम आहे. त्याच्याबरोबर जाऊन आपण काहीतरी मिळवतो, आणि लढताना आपल्या हाताला घाम फुटलेला असतो म्हणून त्याची बडबड आपल्याला जिवंत वाटते. तोच प्रसंग पडद्यावर जसाच्या तसा आला, तर दुसरा कुणी खेळताना त्याच्या मागे उभं राहून पाहण्यासारखं होतं. भाचा खेळताना मी तसं बसून पाहिलं आहे. दहा मिनिटांत मी मटार सोलायला घेते. हात काढून घेतले की त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. त्यांनी वर्षं ठेवली. गेमला वर्षं दाखवता येत नाहीत, कारण खेळणारा थांबत नाही. मालिकेला ती एका तासात दाखवता आली.

आता उलट बाजूही सांगते, कारण माझ्या मते मालिका इथे हरली. शेवटचं हॉस्पिटल आठव. एलीचा मेंदू काढला तर औषध मिळेल, पण ती मरेल. जोएल सगळ्यांना मारत ऑपरेशन थिएटरमध्ये शिरतो. गेममध्ये समोर सर्जन उभा राहतो आणि काहीही होत नाही. आपण थांबलो तर गेमही थांबतो. सर्जनला मारण्यासाठी बटण मलाच दाबावं लागतं. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी पिऊन आले, तरी तो माणूस तसाच उभा. मालिकेत जोएल झालेला पेड्रो पास्कल गोळी घालतो, आणि तो उत्तमच नट आहे, पण त्याने गोळी घातली म्हणून माझे हात खराब होत नाहीत. मी त्याला दोष देऊन झोपू शकते. गेमनंतर झोपू शकले नव्हते.

तेव्हा राग धरायचाच असेल तर तिसऱ्या भागावर धरू नकोस, नवव्यावर धर. तिथे त्यांनी जवळजवळ काहीच बदललेलं नाही.

आमच्या लेकीने 'शाळा' सिनेमा पाहिला आणि आता पुस्तक हातात घेत नाही. म्हणते, गोष्ट कळली. काय करावं?
*एक बाबा, डोंबिवली*

गोष्ट तिला खरंच कळली आहे, हे आधी मान्य करा. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, ती अर्धवट बांधलेली इमारत, शिरोडकर, बाहेर आणीबाणी. एवढी गोष्ट आहे आणि सुजय डहाकेंनी ती नीट सांगितली. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाबरोबर आधारित पटकथेचा पुरस्कारही 'शाळा'ला मिळाला, अविनाश देशपांडे यांना. हा दुसरा पुरस्कार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिलिंद बोकिलांच्या त्या पुस्तकाची पटकथा करणं महाकठीण होतं, कारण पुस्तक म्हणजे जोशीचं तोंड आहे. तो सतत बोलतो, आपल्याशीच. वर्गात काय झालं यापेक्षा ते तो कसं सांगतो याची सगळी मजा. वर्गात तो चूप असतो आणि आपल्यापाशी त्याची टकळी चालू असते.

सिनेमात हे तोंड बंद होतं. त्या बदल्यात चेहरे मिळतात. शिरोडकर पुस्तकात आपल्याला जोशीच्या डोळ्यांनीच दिसते. पडद्यावर ती स्वतः उभी राहते आणि जोशीला जे दिसत नाही तेही आपल्याला दिसतं. हा फायदा छोटा नाही.

कुठलंही रूपांतर पाहताना मी हेच शोधते की पुस्तकात बोलणारा जो होता, त्याचं पडद्यावर काय झालं. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांचा मिळून डॉ. जब्बार पटेलांनी १९७९ला एक 'सिंहासन' केला. दोन पुस्तकांतली माणसं, मंत्रालय, युनियन, स्मगलर, सगळं एकत्र. विजय तेंडुलकरांनी पटकथेत तो पसारा दिगू टिपणीस या पत्रकाराच्या पायांना बांधला. टिपणीस झालेले निळू फुले दारोदार फिरतात, ऐकतात, फार बोलत नाहीत. साधूंचा चौकस आवाज तेंडुलकरांनी एका माणसाच्या कानांत नेऊन ठेवला. शेवटी तो माणूस रस्त्यावर हसत सुटतो तेव्हा कादंबरीकाराला सबंध प्रकरणभर जे लिहावं लागलं असतं ते झालेलं असतं.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ साली. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणून प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मिळालं. वनमाला आणि माधव वझे लोकांना आजही आठवतात. सिनेमा निघाला तेव्हा गुरुजींना जाऊन तीनच वर्षं झाली होती. सांगणारा कोण, हे प्रेक्षकाला वेगळं दाखवायची गरज नव्हती. २०२३ला डहाकेंनीच तो पुन्हा काढला, कृष्णधवल, आणि त्यात गुरुजींची भूमिकाच ठेवली, ओम भूतकरांना घेऊन. आजच्या पोरांना सांगणाऱ्यापासून ओळख करून द्यावी लागते. मला हा निर्णय पटला.

लेकीसाठी उपाय: पुस्तक तिच्या हातात देऊच नका. जेवताना तुम्हीच पहिली चार पानं मोठ्याने वाचा, आणि ऐन रंगात आल्यावर फोन आल्याचं निमित्त करून उठा. पुस्तक टेबलावर राहू द्या.

फुरसुंगीच्या फास्टर फेणेला सिनेमात एवढा घोडा का केला? आमचा बन्या सायकलवर होता आणि शाळेत होता. नातवंडांना दाखवायला बसलो आणि मीच नाराज झालो.
*एक आजोबा, टोरांटो*

आजोबा, बन्या शाळकरीच हवा होता, हे मान्य. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन शोभला होता. २०१७च्या सिनेमात अमेय वाघ मोठा आहे, कारण वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा आणि गिरीश कुलकर्णींचा अप्पा यांच्याशी शाळकरी पोराला भिडवलं असतं तर प्रेक्षकांचा विश्वास बसला नसता. फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांच्या काळात बसायचा, कारण तेव्हा खलनायकही जरा भोळेच असत.

त्या सिनेमातली एक गोष्ट मात्र नातवंडांना मुद्दाम दाखवा. त्यात भा. रा. भागवत हे पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. फेणे ज्याने लिहिला तोच फेणेला घरात घेतो. हीच माझी वरची लाडकी गोष्ट, सांगणाऱ्याला पडद्यावर आणून बसवायचं. आणि फेणेचं ते 'ट्टॉक्' आहे. तेवढ्यावर भागवा.

आधी पुस्तक की आधी सिनेमा? नवऱ्याशी पैज लागली आहे. मी पुस्तकवाली.
*नागपूर*

पैज सोडून द्या. एकच सांभाळा, पुस्तक वाचल्यावर लगेच सिनेमा पाहू नका. सहा महिने जाऊ द्या. ताजं वाचून गेलं की माणूस सिनेमा पाहत नाही, हजेरी घेतो. हा आला, ती आली, तो प्रसंग गाळला.

हजेरीचं निरर्थकपण कळायला 'पथेर पांचाली' पुरे. बिभूतिभूषणांच्या कादंबरीत इंदिर ठाकरुण ही म्हातारी आत्या फार लवकर मरते, अपू तान्हा असतानाच. सत्यजित राय यांनी तिला पुढेपर्यंत जगवलं आणि तिचं मरण पोरांसमोर आणलं. कादंबरीत अपू-दुर्गा रेल्वे बघायला धावत जातात, वाट चुकतात आणि न बघताच परततात. आजारी दुर्गा अपूला म्हणते, बरी झाले की मला आगगाडी दाखवशील ना? ती न पाहताच जाते. १९५५च्या सिनेमात दोघं कासफुलांतून पळत जातात आणि गाडी येते. म्हणजे कादंबरीतला सगळ्यांत दुखरा तपशील राय यांनी उलटा केला! कागदावर ऐकलं तर मीसुद्धा म्हटलं असतं, वाटोळं केलं. पण पुस्तकात जे न दिसल्यामुळे टोचतं, ते पडद्यावर न दाखवून कसं टोचणार? न आलेल्या गाडीचा फोटो निघत नाही. राय यांनी याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं आधी काढली होती. पुस्तक त्यांच्या हातातून गेलेलं होतं, म्हणून बिनधास्त बदलू शकले.

नवऱ्याला सांगा, पैजेची रक्कम दोघांनी मिळून कादंबरीच्या मराठी अनुवादावर खर्च करावी.

माझ्या एका दीर्घकथेवर वेब मालिका करायची म्हणून मुंबईचे एक निर्माते मागे लागले आहेत. करार इंग्रजीत आहे, पंधरा पानी. 'सगळे असंच सही करतात' म्हणतात. रक्कम माझ्या मानाने बरी आहे. गोष्टीची वाट लावली तर? (नाव छापू नका.)
*गडहिंग्लज*

सही करू नका. म्हणजे कधीच करू नका असं नाही. वकिलाला दाखवेपर्यंत करू नका, आणि वकील निर्मात्याने सुचवलेला नको.

तुम्हाला काय माहीत असायला हवं ते सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि कुठल्या कृतीचे कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात, हे लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. म्हणूनच त्यांच्या पंधरा पानांत कुठेतरी 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात' आणि 'वापर न केल्यासही' असे तीन शब्दसमूह सापडतील. त्यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. 'विश्वात' हा विनोद नाही, ते खरंच तसं लिहितात, उद्या मंगळावर ओटीटी निघालं तर!

मालिका, सिनेमा, नाटक, गेम, ऑडिओ हे हक्क वेगवेगळे आहेत. मालिका करायची असेल तर मालिकेचे द्या. गेमचे तर हमखास बाजूला ठेवा. पोलंडचे लेखक आंद्रे सापकोव्स्की यांनी आपल्या 'विचर' या पुस्तकांच्या गेमचे हक्क एकरकमी विकून टाकले. टक्केवारी नको म्हणाले, कारण गेम चालेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. पहिला गेम २००७ला आला आणि पुढे जगभर धुमाकूळ झाला. २०१८ला त्यांनी कंपनीकडे ६ कोटी झ्लॉटींची (हे पोलंडचं चलन) मागणी केली आणि २०१९च्या शेवटी नवा करार झाला. त्यांच्यासारखे वकील तुम्हा-आम्हाला परवडणार नाहीत, म्हणून टक्केवारी आधीच मागून घ्या. मिळेल न मिळेल. मागितली नाही तर नक्की मिळत नाही.

आता वाट लावण्याबद्दल. आर. के. नारायण यांनी त्यांच्या कादंबरीवर 'गाइड' सिनेमा काढणाऱ्यांना म्हैसूरच्या आसपासच्या जागा हिंडून दाखवल्या, आणि चित्रीकरण झालं राजस्थानात. त्यांनी त्यावर एक खुसखुशीत लेख लिहिला, एवढाच त्यांना दिलासा. पण मन्नू भंडारी गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या 'आपका बंटी'वर 'समय की धारा' निघाला तेव्हा त्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ला सांगितलं, की माध्यम बदलताना फेरफार करावे लागतात हे खरं, पण ते कादंबरीचं मूळ रूप विद्रूप करणारे असू शकत नाहीत. लेखकाने हक्क विकले तरी त्याचा हा विशेष अधिकार उरतो. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली. तेव्हा कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, पण गडहिंग्लजहून कोर्टाच्या चकरा मारण्यापेक्षा करारातच अटी घातलेल्या स्वस्त पडतात.

अशा अटी घालता येतात. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी हयातभर 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' पडद्यासाठी दिली नाही. मुलांनी दिली ती स्पॅनिशमध्येच आणि कोलंबियातच करायची या बोलीवर, आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये ती मालिका तशीच आली. तुम्ही मार्केस नाही, हे निर्माते तुम्हाला ऐकवतील. ऐकून घ्या आणि तरी तुमच्या दोन अटी लिहून द्या. माझ्या मते त्या अशा असाव्यात: पटकथेचा पहिला खर्डा तुम्हाला वाचायला मिळेल आणि तुमचं मत लेखी नोंदवलं जाईल; आणि अंतिम रूप पटलं नाही तर 'आधारित'च्या पाटीवरून तुमचं नाव काढायचा हक्क तुमचा राहील. पहिल्या अटीला ते बहुधा हो म्हणतात. दुसरीवर घासाघीस होते.

आणि रकमेपैकी निदान निम्मी सहीच्या दिवशी घ्या. उरलेली 'चित्रीकरण सुरू झाल्यावर' असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य खोडा आणि तारीख घाला. चित्रीकरण सुरू व्हायला कधीकधी फार वेळ लागतो, आणि पुष्कळदा ते होतच नाही.